दुसरा गिअर

मंडळी, एपिसायक्लिक गिअर ट्रेन परीक्षेपुरती सगळेच पाठ करतात. मला ती भेटली आजोबांच्या सायकलच्या मागच्या हबमध्ये! स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू हब, तीन गिअरचा. आत मधोमध २० दातांचं सन व्हील (आजोबा म्हणतात सूर्यचाक, आम्ही पडलो कॉन्व्हेंटवाले!), बाहेर ६० दातांची रिंग. म्हणूनच तिसऱ्यात चाक दुसऱ्यापेक्षा एक तृतीयांश जास्त फिरतं.

पण दुसरा गिअर सटकायचा. एकदा भर चढावर पॅडल एकदम मोकळं फिरलं आणि पंचाहत्तरीचे आजोबा थोडक्यात वाचले. आई म्हणाली, "बास, सायकल भंगारात!" आजोबा काहीच बोलले नाहीत. ते मला बघवेना.

दोष दातांचा नव्हताच. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल असतो. तार ढिली पडली की दुसरा गिअर तिकडे सरकतो. लिव्हर दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटच्या भोकातून पाहिलं. छोट्या साखळीच्या काडीचा खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी बरोबर यायला हवा. आमचा आत गेला होता. अ‍ॅडजस्टर फिरवून तार ताणली, लॉकनट आवळला. खर्च शून्य!

तेव्हा हब खोलण्याआधी तार बघा. बाकी, पेपरात सन व्हील आलं तर माझे मार्क पक्के!