दाव्यातले नाव

गिरगावातल्या आमच्या चाळीत 'भाडेकरू' हा शब्द क्वचितच ऐकू येई. तिथे राहत ती बिऱ्हाडे. बिऱ्हाड म्हणजे भाड्याची जागा आणि बिऱ्हाड म्हणजे त्या जागेतला संसारही. मराठीने दोहोंत भेद केला नाही. तो आम्ही न्यायालयात शिकलो.

मालकांच्या वारसांना आमच्या दोन खोल्या स्वतःच्या वापरासाठी हव्या होत्या. त्यांनी दावा लावला आणि धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात नऊ वर्षे तारखा पडत राहिल्या. भाडे एका महिन्याचेही थकलेले नव्हते. आजोबांच्या काळापासूनच्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. अखेरीस तडजोड झाली व आम्ही ताबा सोडला. वाईट वाटले, अन्याय झाला असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

पुढे दादरला लिव्ह अँड लायसन्सवर जागा पाहिली. अनामत ठरली, पोलीस पडताळणीसाठीचे कागदही दिले. मग मालकांनी मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आमच्या वडिलांचे नाव घालून पाहिले. पक्षकाराच्या नावावरून तिथे दावे शोधता येतात.

"तुमच्यावर जागेची केस होती ना?" त्यांनी सौम्यपणे विचारले.

आम्ही डब्यातल्या पावत्यांविषयी सांगितले. "असेल हो, पण आम्हाला कटकट नको."

त्यांची धास्ती खोटी नव्हती. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडे जागच्या जागी राहिले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण दावे लांबण्याचे काही थांबले नाही. एकदा दिलेली जागा हातची जाईल, ही भीती मालकांच्या मनात मुरली आहे.

परंतु हाच अधिनियम किती बारकाईने भेद करतो, हेही पाहावे. परस्पर पोटभाडेकरू ठेवणे वा शेजाऱ्यांना उपद्रव देणे ही भाडेकरूची वर्तणूक झाली. मालकाची प्रामाणिक गरज किंवा इमारत पाडून नवी बांधणे, यांत त्याचा दोष कोणता? शिवाय मालकाच्या गरजेच्या दाव्यात कोणाची अडचण अधिक मोठी, हे न्यायालयाला तोलावे लागते. नाव शोधणाऱ्याला असे काही तोलावे लागत नाही. दावा जिंकलेला भाडेकरू आणि भाडे बुडवणारा, दोघेही त्याला सारखेच दिसतात. मग उद्याचा भाडेकरू बाजू खरी असूनही न्यायालयाची पायरी चढायला कचरेल, आणि कायद्याने दिलेले संरक्षण कागदावरच राहील.

कॅलिफोर्नियात २०१७ पासून राहत्या घरांच्या अशा दाव्यांची नोंद सरसकट खुली होत नाही. सर्वसाधारणपणे साठ दिवसांत मालक जिंकला, तरच ती कोणालाही पाहता येते. आपल्याकडेही मालकाच्या गरजेचे, तडजोडीने मिटलेले आणि फेटाळले गेलेले दावे नावाच्या शोधातून वगळावेत, असे आम्हांस वाटते. थकबाकी सिद्ध झाली असेल, तर ती काही वर्षांपर्यंत मालकाला कळावी, जन्मभर नव्हे.

हे सांगताना एक कबुली द्यायला हवी. मावशीची परळची सदनिका भाड्याने देण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा एक कुटुंब पाहायला आले. ते गेल्यावर आम्हीही त्यांचे नाव घालून पाहिले. एक दावा निघाला: क्रमांक, वर्ष आणि 'निकाली' एवढा एक शब्द. त्या क्षणी आमच्याही मनात तोच शब्द आला: कटकट. बिस्किटांचा डबा अजून कपाटात असताना.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना सरळ विचारले. जुनी इमारत पाडायची होती, म्हणून मालकांनी सगळ्याच भाडेकरूंवर दावे लावले होते. हे सांगताना त्या गृहस्थांनी मान खाली घातली होती. आम्हीही.

त्यांचे बिऱ्हाड आता तिथे आहे.