होळीपर्यंत विळा नको

नाताळचा सप्ताह अजून सरला नव्हता. ओसरीवर गव्हाणीचा देखावा तसाच मांडलेला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंस आईने ठेवलेल्या कुंड्यांतील पॉइन्सेटियाची लाल पाने डौलात उभी होती. दिवस शनिवारचा, तारीख २९ डिसेंबर २०१८. त्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत खाली उतरला आणि १९३७ च्या जानेवारीत नोंदलेला ३.९ अंशांचा जुना नीचांक मोडला, हे आम्हांस नंतर वर्तमानपत्रातून कळले. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या अड्याळात पारा किती उतरला ते सांगणारे साधन आमच्या घरी नव्हते. परंतु आम्ही मागचे दार उघडले आणि सांदवाडीकडे पाहिले, तेव्हा कोणत्याही आकड्याची गरज उरली नाही.

सांदवाडी हा या झाडीपट्टीतला शब्द. घरामागच्या कुंपण घातलेल्या जागेला येथे असे म्हणतात. आम्ही उभयता मूळचे वसईचे. आमच्याकडे तिला नुसतेच वाडी म्हणतात. शिक्षकी पेशाच्या निमित्ताने आम्ही या धानाच्या मुलखात आलो आणि येथलेच झालो. वडील गेल्यावर वसईची वाडी विकली गेली; आज तेथे इमारत उभी आहे. आई आमच्याकडे राहावयास आली ती कपड्यांची एक पेटी आणि ओल्या गोणपाटात बांधलेली रोपे घेऊन. राजेळी केळीचे दोन मुनवे, सोनचाफ्याचे एक कलम, जास्वंदीच्या आणि नागवेलीच्या काड्या, अबोलीची काही रोपे. सोनचाफ्याचे कलम वडिलांनी स्वतः बांधलेले होते. ज्या झाडावरून ते बांधले ते झाड पुढे जागेबरोबरच गेले. चार-पाच वर्षांत आईने आमच्या सांदवाडीत एक लहानशी वसई उभी केली होती. तिच्या शेजारी आमचे एक संत्र्याचे झाड आणि दोन पपया होत्या, एवढेच.

त्या सकाळी केळीची पाने उकडल्यासारखी काळपट होऊन खोडाशी लोंबत होती. अळू आणि कर्दळ जमिनीवर लोळत होती. पपयांचे शेंडे मान टाकून होते. सोनचाफ्याची पाने दोन दिवसांत तपकिरी होऊन गळाली आणि काळ्या काड्यांचा तेवढा सांगाडा राहिला. आई शाल पांघरून मागच्या पायरीवर उभी राहिली, काही वेळ पाहिले आणि आत गेली. त्या दिवशी तिने चहाही घेतला नाही.

पारा शून्याच्या वर असताना झाडे गोठल्यासारखी कशी होतात, हा प्रश्न आम्हांसही पडला होता. त्याचे उत्तर असे. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत, आडोशाला असतो. झाडाचे पान मात्र उघड्या आकाशाखाली असते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पान आपली ऊब आकाशाकडे टाकीत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी अधिक थंड होते. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. आमच्या सांदवाडीचा विहिरीकडचा कोपरा असाच खोलगट आहे आणि सर्वाधिक हानी तेथेच झाली. दव गोठले की पेशींच्या मधल्या जागेत बर्फाचे कण धरतात. ते पेशींतील पाणी ओढून घेतात, पेशींचे पापुद्रे फाटतात आणि ऊन पडताच पान उकडल्यासारखे दिसते. केळीसारख्या उष्ण प्रदेशातील झाडांना तर गोठणबिंदूच्या बऱ्याच वरची थंडीही सोसत नाही. वसईस समुद्र उशाशी असल्यामुळे रात्री अशा निवत नाहीत. आईच्या झाडांना या थंडीची ओळखच नव्हती. ओसरीवरची पॉइन्सेटिया का वाचली, याचेही उत्तर यातच आहे. त्यांच्या आणि आकाशाच्या मध्ये आमचे कौलारू छप्पर होते.

शेजारचे काकाजी सकाळीच कुंपणापाशी आले. त्यांची धुऱ्यावरची तूर ऐन फुलोऱ्यात करपली होती. “दवाळ गेली जी गुरुजी,” एवढेच ते म्हणाले. गोठलेल्या दवाने पीक जळते त्याला येथे दवाळ म्हणतात. मग आमच्या झाडांकडे पाहून त्यांनी बजावले, “आता होळीपर्यंत इळा नोका लावू जी. मेलं का जितं, ते झाडालेच सांगू द्या.”

आम्ही मान डोलावली आणि ऐकले मात्र नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरी प्रार्थनासभा होती. पाहुणे येणार, मागच्या अंगणात पंगत बसणार आणि तेथे हे काळे सांगाडे! शिवाय, ती झाडे रोज डोळ्यांसमोर राहिली तर आईला अधिकच दुःख होईल, अशी आम्ही आपल्या मनाची समजूत घातली. ती समजूत सोयीची होती, खरी नव्हती. एका रविवारी दुपारी, आई जरा पडली असताना, आम्ही कोयता आणि कुदळ घेतली. अळू-कर्दळीचा चिखल काढला, तो काढायलाच हवा होता. त्यानंतर सोनचाफा तोडला आणि बुंधाही खणून काढला.

कुदळीचा घाव मुळाच्या मानेवर बसला तेव्हा साल निघाली. आत काळे काही नव्हते. हिरवा, ओला, ताजा गर होता आणि त्याला चाफ्याच्या सालीचा उग्र-गोड वास येत होता. झाड जिवंत होते. थंडीने त्याची पाने आणि वरच्या काड्या नेल्या होत्या. बाकीचे आम्ही नेले.

आई उठून मागे आली. तिने तो बुंधा हातात घेतला, अंगठ्याने हिरवी साल चाचपली आणि खाली ठेवला. आम्ही काहीबाही बोलू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “जाऊ दे. तुमच्या बाबांच्या हातचं होतं, एवढंच. आता केळीला हात लावू नका.” तिने आम्हांस एक शब्दही अधिक ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही शिकलो; शिकण्याची किंमत आधीच मोजलेली होती. काकाजींकडून, आईकडून आणि कृषिविषयक पुस्तकांतून जे कळले ते थोडक्यात येथे नोंदवितो, कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरामागे अशी चार झाडे असतील. थंडीने जे मऊ होऊन सडते ते काढून टाकावे, नाही तर सड खाली उतरते. केळीचा चिघळलेला भाग आईने वरून थोडा थोडा उतरवला आणि निकोस पांढरा गाभा लागताच ती थांबली, कारण केळीचा खरा जीव खोडात नसून जमिनीखालच्या गड्ड्यात असतो. लाकूड धरणाऱ्या झाडांना मात्र हात लावू नये. त्यांची सुकलेली पाने आणि काड्या पुढच्या थंड रात्रींत आतल्या डोळ्यांवर पांघरूण होतात. जिवंतपणा पाहायचाच असेल तर नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडे दिसले तर थोडे खाली सरकून पुन्हा पाहावे. कोठपर्यंत गेले ते कळण्यास आठवडे लागतात. पाणी बेताने द्यावे. पाने नसलेले झाड पाणी पीत नाही आणि मुळे कुजतात. खत तर मुळीच घालू नये. बुंध्याशी तणसाचा जाड थर द्यावा.

खत का घालू नये, हे अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताच्या कहाणीवरून आम्हांस नीट उमगले. तेथे १८९४ च्या डिसेंबरअखेरीस संत्र्यांच्या बागांवर कडाक्याची थंडी कोसळली. फळे गेली, पाने गळाली, पण बहुतेक झाडे जगली. पुढचा महिना उबदार गेला. झाडांत रस चढला, कोवळी पालवी फुटली आणि बागायतदारांनी सुटकेचा श्वास सोडला. मग १८९५ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट आली. रसाने भरलेल्या झाडांच्या साली फाटल्या आणि झाडे जमिनीपर्यंत मेली. पहिल्या थंडीत जी झाडे तगली, ती अवेळी फुटल्यामुळे दुसरीत गेली. अनेक कुटुंबे बागा सोडून निघून गेली. दुखावलेल्या झाडास आपण खत घालून लवकर फुटावयास लावतो, तेव्हा त्याला त्याच वाटेवर ढकलीत असतो.

आमच्याकडे आणखी एक संकट असते, ते फ्लोरिडास ठाऊक नसावे. विदर्भात डिसेंबरची थंडी आणि मेचे ऊन यांच्यामध्ये जेमतेम चार महिने. पाने गेलेल्या खोडावर एप्रिलचे ऊन सरळ पडले की थंडीतून वाचलेली साल उन्हाने भाजते. म्हणून काकाजींनी संत्र्याच्या खोडास चुना आणि मोरचूद यांचा लेप द्यावयास सांगितले. सुकलेल्या काड्या ठेवाव्यात याचे दुसरे कारणही हेच. त्यांची विरळ सावलीसुद्धा उपयोगी पडते.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आई रोज सकाळी जपमाळ संपवून सांदवाडीत एक फेरी घाली आणि काही न बोलता परत येई. आम्हीही काही विचारीत नसू. सर्वांत आधी जास्वंद फुटली. ती दक्षिणेच्या भिंतीलगत होती आणि भिंतीने दिवसाची ऊब रात्री तिला दिली होती. मग संत्र्याच्या बुंध्याशी भरघोस कोंभ आले. आम्ही हर्षभराने काकाजींना बोलावले. त्यांनी कोंभाचा काटा दाखवला आणि हसून म्हणाले, “हे संत्र नोहे जी, जंबेरी होय.” आमच्याकडील संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधलेला असतो. डोळ्याच्या जोडाखालून जे फुटते ते खुंटाचे; ते वाढू दिले तर वरचे संत्रे उपाशी मरते. ते कोंभ आम्ही काढले. जोडाच्या वरचा पहिला डोळा त्यानंतर काही दिवसांनी हलला.

२० मार्च २०१९ रोजी होळी पेटली. त्याच आठवड्यात केळीच्या काळ्या खुंटाशेजारी तणस बाजूला सारून एक टोकदार, गुंडाळलेला, पोपटी कोंभ वर आला. आईने तो पाहिला आणि आम्हांस हाका मारल्या. त्या हाकेत कित्येक महिन्यांनी तिचा वसईचा आवाज होता. मग वाळलेल्या काड्या कोठवर छाटायच्या ते तिने दाखवले आणि आम्ही छाटल्या. या वेळी तिच्या देखत.

सर्व काही परत आले नाही. दोन्ही पपया गेल्या. नागवेल गेली. अबोलीचे एकच रोप उरले. आणि सोनचाफ्याच्या जागी आजही काही लावलेले नाही. नवे कलम आणू, असे आम्ही एकदा सुचविले होते. आई म्हणाली, “आणा की. पण दुसऱ्या जागी लावा.” आम्ही ते ओसरीच्या पायरीजवळ लावले, तेथे छपराचा आडोसा आहे.

राजेळीचा घड पिकला तो २०२० च्या मे महिन्यात. देशभर टाळेबंदी होती, गाड्या बंद होत्या आणि वसईतील आप्तांच्या आजारपणाच्या व मृत्यूच्या वार्ता फोनवरून येत होत्या. आईला कोठेही जाता येत नव्हते. तिने पिकलेली केळी सोलली आणि वसईकडे, आगाशीकडे सुकेळी करतात तशी ती अड्याळच्या रणरणत्या उन्हात वाळत घातली. संध्याकाळी ती आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर मांडायची, असे काही दिवस चालले. तयार झालेली पहिली पुडी तिने कुंपणावरून काकाजींना दिली.

दुसरी पुडी तिने आमच्या हातावर ठेवली. सोनचाफ्याविषयी ती तेव्हाही काही बोलली नाही. आम्ही मात्र तेव्हापासून हिवाळ्यात कोयता कोठीच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवतो आणि होळी पेटल्याखेरीज तो खाली काढीत नाही.