मुहुद नरकयि

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, मे महिन्यात श्रीलंकेला जाऊ म्हणतोय. तुम्ही जाऊन आलात ना? सेफ आहे ना हो?"

"आहे की. बिनधास्त जा," म्हणालो आणि फोन ठेवला. मग मात्र चैन पडेना. कारण मी दिलेलं उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं बायको आणि लेक सोडून आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज सांगून टाकतो.

आम्ही गेलो ते २०१८च्या मे महिन्याच्या शेवटी. लेकीची दहावी सुरू होण्याआधीची शेवटची मोकळी सुट्टी. निघण्यापूर्वी मी सुरक्षिततेची अशी काही जय्यत तयारी केली होती की विचारू नका. पासपोर्टच्या झेरॉक्स तीन ठिकाणी, पैसे दोन पाकिटांत, डासांसाठी ओडोमॉस, पोटासाठी गोळ्या. प्यायला बाटलीचंच पाणी, टुकटुकमध्ये बसण्याआधी भाडं ठरवायचं, देवळात बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही (तिथे हा मूर्तीचा अपमान समजतात). पोलिसांचा ११९ आणि ॲम्ब्युलन्सचा १९९० हे नंबर बायकोच्या मोबाईलमध्येसुद्धा भरून दिले. कँडी झालं, एल्ल झालं, कुणी फसवलं नाही, काही हरवलं नाही. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

शेवटचे चार दिवस हिक्कडुवाला, समुद्रकिनारी. राहायची जागा इतकी स्वस्त मिळाली होती की मी बायकोला दोनदा तो आकडा ऐकवला. ती स्वस्त का, हा प्रश्न मला काही पडला नाही. घरगुती जागा, वर चार खोल्या, त्यातल्या तीन रिकाम्या. मालकीणबाई सत्तरीच्या. आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो. सकाळी नारळाचं सांबोल आणि पोळ्यांसारख्या रोट्या वाढता वाढता त्या समुद्राकडे हात करायच्या आणि म्हणायच्या, "मुहुद नरकयि." आम्हाला 'नरक' तेवढं कळायचं, आणि हसू यायचं. एवढा सुंदर समुद्र आणि म्हणे नरक! सिंहलीत मुहुद म्हणजे समुद्र आणि नरक म्हणजे वाईट, हे नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबून छान ऊन पडलं. मी आणि लेक किनाऱ्यावर गेलो. डावीकडे, उजवीकडे लाटा दणादण फुटत होत्या. मधला एक पट्टा मात्र शांत. तिथे लाट फुटतच नव्हती, पाणी जरा काळसर आणि सपाट. वाळूत एक लाल बावटा रोवलेला होता, वाऱ्याने काठीला गुंडाळून गेलेला. तो मला दिसला नाही असं मी म्हणू शकत नाही. दिसला होता. पण मी मालवणचा! मला कोण समुद्र शिकवणार? लेकीला म्हटलं, "इथून जाऊ, इथे शांत आहे."

मी कमरेइतक्या पाण्यात होतो, ती मागे घोट्याइतक्या. वळून तिला म्हटलं, "ये." आणि पायाखालची वाळू सरकली.

खाली कुणी ओढलं नाही. लोकांना तसं वाटतं, पण तसं नसतं. नदीत सापडल्यासारखा मी सरळ आत, समुद्राकडे निघालो होतो. मी किनाऱ्याच्या दिशेने हात मारायला लागलो. जीव खाऊन मारले. किनारा काही जवळ येईना. छाती भरून आली, तोंडात खारट पाणी. आणि त्यातही दिसत होतं ते एकच... माझ्या 'ये'नंतर ती दोन पावलं पुढे आली होती.

तेवढ्यात तंबिली, म्हणजे तिथली नारिंगी शहाळी, विकणारा एक माणूस धावत आला. "एपा! एपा!" ओरडत त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर खेचलं. मग मला दोन्ही हातांनी खूण करायला लागला, बाजूला, बाजूला. मला कळेना, किनारा समोर असताना हा बाजूला का दाखवतोय. पण अंगात त्राण उरलं नव्हतं म्हणून त्याचं ऐकलं, शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. किनाऱ्याला समांतर, जमेल तसा गेलो. थोड्या वेळाने ओढ संपली आणि लाटांनीच मला आणून वाळूवर टाकलं.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठूनतरी परत जाणारच, आणि ते जिथून जातं तिथे लाटा फुटत नाहीत. मला जो शांत रस्ता वाटला, तो समुद्राचा परतीचा रस्ता होता. त्याच्याशी झुंजायचं नसतं. तरंगायचं, बाजूला सरकायचं, हात वर करून मदत मागायची.

दुसऱ्या दिवशी जवळच पेरेलियाला गेलो. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत तिथे कोलंबोहून आलेली आगगाडी सापडली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. पहिल्या लाटेनंतर गावातली माणसं आसऱ्याला त्या गाडीपाशी आली होती. गाडी भक्कम वाटली. दुसरी लाट त्याहून मोठी होती. त्या स्मारकासमोर मी काही बोललो नाही. त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. मला तर अम्मा रोज सकाळी सांगत होत्या.

असो. तर पुतण्या, हे उरलेलं उत्तर. देश चांगला आहे, माणसं फार चांगली आहेत. पण मेच्या शेवटी नैऋत्य मोसमी वारा आपल्याआधी तिथे पोचतो. तेव्हा दक्षिण आणि पश्चिम किनारा बघायचा, त्यात उतरायचं नाही. पोहायचंच असेल तर पूर्वेला, त्रिंकोमालीकडे जा. तिकडचा समुद्र तेव्हा निवांत असतो. आणि कुठेही गेलास तरी पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या एका माणसाला विचार. त्याची भाषा कळली नाही तर पुन्हा विचार.

हे लिहिण्याआधी काल अण्णांना फोन करून सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, हल्ली ऐकू कमी येतं. मला वाटलं, लेकीला धोक्यात घातलंस म्हणून ओरडतील. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वारो फिरल्यार दर्यात कित्याक गेलंस रे?"

नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात जायचं नाही, हे मी चालायला लागल्यापासून ऐकत आलोय. वारा तोच होता. फक्त देश दुसरा होता, म्हणून मी ओळखला नाही.