विलायतेतला शहागंजकर

पॅडिंग्टन स्टेशनात मुलाने मला गाडीत बसवून दिले आणि पुनःपुन्हा बजावले, "बाबा, मोर्टन-इन-मार्शला उतरायचं. त्याच्या आधी किंगहॅम येतं, तिथं उतरू नका." ज्या माणसाने निम्मे आयुष्य मनमाडला गाड्या बदलण्यात घालवले त्याला हा उपदेश! पण परमुलखात मुलगा बाप होतो आणि बाप मुलगा. मी निमूटपणे मान डोलावली.

लंडनचे वर्णन मी करणार नाही. ते आजवर इतक्या जणांनी केले आहे की वाचकांपैकी ज्यांनी लंडन पाहिलेले नाही त्यांनाही त्या पुलाचे, राजवाड्याचे आणि पावसाचे पाठांतर झालेले असेल. मी विलायतेस गेलो तो मुलाच्या घरी चार महिने राहायला. पण माझ्या मनात काम एकच होते. शहागंजातला माझा बाळमित्र तिथल्या एका खेड्यात राहतो. त्याला भेटायचे.

शहागंज म्हणजे आमच्या औरंगाबादची जुनी बाजारपेठ. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पण ही हकीकत जुन्या दिवसांची, म्हणून तिच्यात जुनेच नाव येत राहील. १७२० च्या सुमाराची मोठी मशीद, तिच्या उंच चौथऱ्याला बिलगून तीन बाजूंनी दुकाने, समोर मोकळा चौक आणि चौकात निजामी अमदानीतला घड्याळाचा टॉवर. या टॉवरच्या नजरेच्या टप्प्यात आमचे कापडाचे दुकान होते आणि दुकानामागच्या बोळात आम्हा दोघांची घरे. त्याचे वडील मास्तर, माझे दुकानदार. आम्ही दोघेही १९४८ चे. त्या वर्षाच्या सप्टेंबरात मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. शाळेला निघायचे ते टॉवरच्या घड्याळावर, आणि उशीर झाला तर दोषही त्या घड्याळालाच द्यायचा.

ऑक्सफर्ड मागे पडले आणि इमारती संपून नुसती हिरवळ सुरू झाली. हिरवा रंग मी आयुष्यभर थानांनी विकला. पण एका रंगाच्या इतक्या छटा माझ्या फळीवर कधी नव्हत्या. मधेच मोहरीच्या जातीच्या कुठल्याशा पिकाचा पिवळाजर्द पट्टा, मेंढ्यांचे पांढरे ठिपके, आणि शेताशेतांमधून चुन्यावाचून नुसते दगडावर दगड रचून उभे केलेले गडगे. आमच्याकडचा काळा दगड पाहून डोळे तयार झालेले. इथला दगड मधाच्या रंगाचा. घरे, चर्च, गडगे, सगळे त्याचेच.

मोर्टनला उतरलो तर तो फलाटावर उभा. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्यावर चपटी टोपी. "कधीचा आलायस?" मी विचारले. "अर्धा तास झाला," तो म्हणाला. तिथल्या गाडीची वेळ घरबसल्या फोनवर कळते. अर्धा तास आधी येण्याचे काही कारण नव्हते. ते अर्ध्या तासाचे उभे राहणे मला बोचले. फलाटाच्या बाबतीत माझ्याकडे एक जुनी बाकी होती.

ती अशी. डॉक्टर व्हायचे असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते. औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्येच सुरू झालेले. म्हणजे घर सोडायचीही गरज नव्हती. त्याला प्रवेश मिळाला, मला थोडक्यात हुकला. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावा तर वडिलांची दृष्टी अधू झाली आणि मी गादीवर बसलो ते बसलोच. १९७२ साली तो विलायतेस निघाला. मराठवाड्यात दुष्काळाने कहर केला होता. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळत होती, आणि गिऱ्हाईक कापडाकडे ढुंकून बघत नव्हते. अशा दिवसांत त्याला निरोप द्यायला सगळा बोळ स्टेशनवर गेला. मी गेलो नाही. ताप आला म्हणून सांगितले. ताप नव्हता. मत्सर होता.

त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे पत्रांत गेली, मग फोनवर. तो अधूनमधून येई, आम्ही भेटू. पण ती गोष्ट मी काढली नाही आणि त्यानेही नाही. १९८१ मध्ये त्याचे वडील गेले. तार पोचून तो इथे येईतो आठवा दिवस उजाडला. तोवरचे सगळे मी पाहिले. तेव्हापासून तो मला आपला ऋणको समजत आला, म्हणजे स्वतःला माझा ऋणी. आणि मी त्याला खरी जमाखर्चाची वही कधी दाखवली नाही. (पाहा, दुकानदाराला साधा ऋणको-धनको शब्दही घाईत उलटा पडतो, मग बाकीच्याचे काय!)

घर मोर्टनपासून दोन-तीन मैलांवर, मधाच्या दगडाचेच. दारात वहिनी. त्या जालन्याच्या. 'जालना सोने का पालना' हे आपल्या गावाचे ब्रीद त्या विलायतेतही विसरलेल्या नाहीत. "भाऊजी, आधी हात-पाय धुवा. जेवण तयार आहे. हे तुम्हाला बागच दाखवत बसतील," त्या म्हणाल्या. मी नेलेली हिमरूची शाल त्यांनी उलटी करून आधी मागची बाजू पाहिली. मला फार बरे वाटले. सुती ताण्यावर रेशमाची वेलबुट्टी, असे हे आमचे औरंगाबादी विणकाम. त्याचे खरेखोटे उलट्या बाजूलाच कळते. हे जाणणारे गिऱ्हाईक आता शहागंजातही राहिलेले नाही.

जेवताना त्याच्या नोकरीच्या गोष्टी निघाल्या. तिथली सरकारी आरोग्यसेवाही १९४८ च्या जुलैची, म्हणजे आमच्याच वयाची. तिला डॉक्टर कमी पडत, आणि जिथे इंग्रज डॉक्टर जायला नाखूष तिथे हिंदुस्थान-पाकिस्तानातून आलेले जात. हा साउथ वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या एका दरीत जाऊन बसला. छातीत कोळशाची धूळ साठलेली ती माणसे, त्यांचे खोकले, त्यांची गाणी. बोलता बोलता तो म्हणाला, "पहिली दोन वर्षं त्यांचं इंग्रजी मला कळेना आणि माझं त्यांना. पण खोकला सगळीकडे सारखाच." निवृत्त झाल्यावर मुलगी जवळ म्हणून तो या बाजूला आला.

दुसरा दिवस मंगळवार, मोर्टनच्या आठवडी बाजाराचा. रुंद रस्त्यावर दुतर्फा तंबू ठोकून मांडलेली दुकाने: भाजी, चीज, पावाचे डोंगर, बुटांचे जोड, आणि अर्थात कापड. मी कापडाच्या दुकानापाशी थबकलो आणि सवयीने दोन बोटांत पदर चोळून पाहिला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. धंदा एक असला की भाषा लागत नाही. भाव मात्र कोणी करीत नव्हते, त्यामुळे एवढ्या मोठ्या बाजारात एखाद्या वाचनालयासारखी शांतता होती. शहागंजच्या माणसाला असा बाजार आजारी वाटतो.

कोपऱ्यावर एक जुना दगडी टॉवर आहे. त्याला 'कर्फ्यू टॉवर' म्हणतात. नाव ऐकून मी चमकलो. आमच्याकडे कर्फ्यू म्हणजे दंगल, खाली ओढलेली शटर्स आणि ओस पडलेला चौक; २०१८ च्या मे महिन्यात शहागंज-राजाबाजारच्या बाजूला आग लागली होती ते दिवस अजून कोणी विसरलेले नाही. त्याने समजावून सांगितले की मूळचा शब्द फ्रेंच, अर्थ 'विस्तव झाका'. रात्री घंटा झाली की घरोघरच्या चुली विझवायच्या, म्हणजे झोपेत गाव पेटू नये. या टॉवरातली घंटा १६३३ ची आणि ती १८६० पर्यंत वाजत होती. गाव पेटू नये म्हणून वाजणाऱ्या घंटेचे नाव गाव पेटल्यावर लागणाऱ्या हुकमाला कसे चिकटले, यावर आम्ही दोन म्हातारे रस्त्यात उभे राहून बराच वेळ बोललो. टॉवरावर घड्याळही आहे. त्याने विचारले, "आपलं चालतंय का रे?" पुष्कळ वर्षे बंद पडलेले आमचे घड्याळ टॉवरच्या डागडुजीनंतर पुन्हा चालू झाले, हे मी सांगितले, तेव्हा त्याने मनगटावरच्या घड्याळात साडेचार तास मिळवले आणि म्हणाला, "म्हणजे आत्ता तिथं पावणेचार."

या भागाला कॉट्सवोल्ड म्हणतात आणि त्याचे सारे जुने वैभव लोकरीचे आहे. मध्ययुगात इथली लोकर युरोपभर जाई आणि त्या पैशावर व्यापाऱ्यांनी खेड्याखेड्यांत मोठमोठी चर्चे बांधली. कापडवाल्याने बांधलेले देऊळ पाहायला मला कोणीही कुठेही नेले तरी मी जाईन. पण डॉक्टरच्या मनात भलतेच होते. "तुला एक गंमत दाखवतो," म्हणत त्याने दोन दिवसांनी गाडी काढली.

जवळच सेझिनकोट नावाची वाडी आहे. झाडीतून गाडी वळली आणि समोर, भर इंग्लंडात, मोगली घुमट! कांद्याच्या आकाराचा, तांब्याचा, हवापाण्याने हिरवा-निळा पडलेला. कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीवरून पुढे आलेले रुंद छज्जे. बीबी का मकबरा लहानपणापासून पाहिलेला मी. क्षणभर वाटले, गाडी बेगमपुऱ्याकडे वळली की काय. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे घर बांधवून घेतले. आराखडा त्याच्या भावाचा, आणि सल्ला थॉमस डॅनियल या चित्रकाराचा. याच डॅनियलने वेरूळच्या लेण्यांचे चित्रसंपुट १८०३ मध्ये काढले होते, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. म्हणजे आमच्या घरापासून वीस मैलांवरची लेणी या माणसाच्या हाताखालून गेलेली! बागेत सूर्याचे देऊळ आहे, ओढ्यावरच्या पुलावर नंदी बसवले आहेत. नंदी पुलाच्या कठड्यावर आणि समोर पिंडी नाही, हे पाहून माझा जीव उगाच कासावीस झाला. वॉरन हेस्टिंग्जचे घरही इथून थोडक्या मैलांवर, त्याच भावाने आखलेले. नाना फडणीस आणि महादजी ज्याच्याशी झुंजले तो म्हातारपणी या मेंढ्यांच्या मुलखात येऊन राहिला आणि १८१८ मध्ये इथेच गेला. त्या सालात आपली पेशवाई बुडाली.

घराच्या आत गेलो तर सगळे विलायती: जिने, पडदे, छत, कुठे मोगलाईचा मागमूस नाही. "बाहेरून हिंदुस्थान आणि आतून इंग्रज," मी म्हणालो. "माझं नेमकं उलट आहे," तो म्हणाला आणि टोपी सारखी करीत पुढे चालू लागला.

पुलापाशी बसायला जागा होती. तिथे मी वही उघडली. म्हणालो, "१९७२ साली मला ताप नव्हता."

"मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? टांगा तुमच्या दुकानावरूनच गेला की. तू थानांच्या मागे बसला होतास. तुझी चप्पल पायरीवर होती."

मला काही बोलता येईना. तो ओढ्याकडे पाहत म्हणाला, "टांगा थांबव म्हणणार होतो. पण आई म्हणाली, गाडी चुकेल. मनमाडला बदलायची होती ना." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "आणि मलाही तोंड दाखवायचं नव्हतं. ठरवलं होतं दोघांनी आणि निघालो होतो एकटा."

मग वडिलांच्या वेळचे निघाले. मी म्हणालो, ते मी केले त्यात निम्मे प्रायश्चित्त होते. तो जरा चिडलाच. "निम्मं ना? मग उरलेल्या निम्म्याचे आभार मानतो. तू आता मला गप्प बसू दे." डॉक्टर लोक पेशंटला असेच बोलत असावेत. आम्ही गप्प बसलो. एक इंग्रज बाई कुत्रे घेऊन गेली, तिने हवा छान असल्याचे सांगितले, आम्हीही दुजोरा दिला.

घरी आल्यावर वहिनींनी दोघांच्या तोंडांकडे पाहिले आणि काही न विचारता चहात आले जास्त किसले.

सकाळची गाडी होती. तो फलाटावर मनगटाकडे पाहून म्हणाला, "चार मिनिटं लेट," आणि त्याला फार समाधान झाल्यासारखे दिसले. वहिनींनी हातात डबा दिला. गाडी हलली तेव्हा हात हलवायचे त्याला सुचले नाही. नुसता उभा होता. मी खिडकीतून दिसेल तेवढा वेळ पाहिले.

डबा ऑक्सफर्ड गेल्यावर उघडला. धपाटी होती, आणि तिळाची चटणी वेगळ्या पुडीत, तेल गळू नये म्हणून दोनदा बांधलेली.