अजून एक हंगाम

वाचन : लूक १३:६-९



चलथाणला साखर कारखान्याच्या आसपास आमची काही मराठी कुटुंबं राहतात, बहुतेक खानदेशातून कामासाठी आलेली. त्यांतल्या एका दादांचं काम सुटलं. त्यांनी अर्धा विघा जमीन भाड्यानं घेऊन वांगी लावली. खत उधारीवर आणलं आणि पीक बसलं. मंडळीच्या मदतनिधीतून आम्ही दोनदा पैसे दिले. तिसऱ्यांदा ते आले, तेव्हा आम्ही आपसांत म्हणालो, "आता पुरे."

त्याच रविवारी अंजिराच्या झाडाचं वाचन निघालं. झाड तोडायला सांगणारा मालक म्हणजे आम्हीच, हे बसल्या जागी कळलं. माळी नुसती मुदत मागत नाही. खणायचं आणि खत घालायचं काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. आम्ही पैसे दिले होते, पण त्या शेतात पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी फावडी घेऊन गेलो. तेलंगणाचे शेतकरी चिंतला वेंकट रेड्डी (पद्मश्री, २०२०) मातीच खत म्हणून वापरतात. पावसाबरोबर खाली गेलेली खनिजं खोलच्या मातीत असतात, असं त्यांचं सांगणं. आम्ही बांधाकडेला चार फूट खणलं, खालची माती उन्हात वाळवली. २०० लिटरच्या पिंपात ती आणि वरची माती ढवळली, गाळ बसू दिला आणि वरचं पाणी जुन्या साडीतून गाळून पानांवर फवारलं. इथली काळी माती भारी चिवट; पंपाचं नोझल सारखं तुंबायचं. शिवाय झाडाची सगळी भूक मातीच्या पाण्यानं भागत नाही, म्हणून बुंध्याशी कुजलेलं शेणखतही दिलं. खर्च झाला तो घामाचा.

वांगी लागली. भरघोस नाही, पण नवी उधारी झाली नाही. पहिली टोपली दादांनी उपासनेला आणली. तेव्हा आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही आलात, तेव्हाच मला धीर आला."

आपल्या मंडळीत असं कोणतं झाड आहे, ज्याला आपण मनातल्या मनात तोडून मोकळे झालो आहोत?

प्रभू, तू आम्हाला मातीतून घडवलंस आणि आमच्यासाठी किती हंगाम थांबलास! दुसऱ्यासाठी थांबायला, आणि खणायलाही, आम्हाला शिकव. आमेन.