भोपळा आणि दोरी

अंबडकडच्या आमच्या विहिरीत मी पाठीला वाळका भोपळा (गणितातला नव्हे!) बांधून पोहायला शिकलो. गाठ वडील मारायचे. एकदा मीच मारली, ती सुटली. काकांनी केसांना धरून वर काढलं.

परवा अमेरिकेतल्या नातवाने सर्फिंगची फळी दाखवली. तिची दोरी घोट्याला बांधतात. १९७१ च्या सुमारास पॅट ओ'नील यांनी ती आणली. त्याआधी फळी निसटली की पोहत तिच्यामागे जायचं. पहिली रबरी दोरी ताणून फळीसकट उसळायची. त्यातच पॅटचे वडील जॅक यांचा डावा डोळा गेला. आता कमी ताणणारी युरेथेनची दोरी असते.

"गाठ बघितलीस का रे?"

"आजोबा, वेलक्रो आहे."

असू दे. तरी पुन्हा बघायला लावलंच.