बटाट्याबरोबर आलेली माती

'बटाटा' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पोर्तुगिजांकडे तो स्पॅनिशमार्फत कॅरिबियन बेटांवरून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळे. शब्दाच्या पोटात दडलेला असा प्रवास उकलत बसण्याचा आम्हांस जुना नाद आहे. अलीकडे मात्र बटाट्याच्या प्रवासाचा दुसराच एक साक्षीदार आमच्या वाचनात आला. तो शब्दाहून नेमके बोलतो, आणि त्याचे ऐकल्यावर मन स्वस्थ राहत नाही. बटाट्याच्या मुळांवर जगणारा पुटी-सूत्रकृमी, हा तो साक्षीदार.

या कृमीची मादी मुळाला चिकटून फुगते आणि मरते. तिची कातडी कडक होऊन टाचणीच्या माथ्याएवढी पुटी बनते. तिच्यात काही शे अंडी असतात. बटाट्याच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रवाची चाहूल लागेपर्यंत त्यांतली बहुतेक फुटत नाहीत. वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ ती वाट पाहू शकतात. हा जीव स्वतःच्या बळावर हात-दोन हातांपलीकडे जात नाही. तरी अँडीज पर्वतातून निघून तो जगभर पोहोचला, कारण त्याला आपण नेले: बियाण्याला चिकटलेल्या मातीतून, गोणपाटातून, अवजारांतून, पायताणांच्या तळव्यांतून.

1845 नंतर करप्याने आयर्लंडचा बटाटा नासवला. तेव्हा करप्याला दाद न देणारे वाण मिळावेत म्हणून दक्षिण अमेरिकेतून नवे बटाटे युरोपात आणले गेले, आणि त्यांच्याबरोबरच हा कृमीही आला असावा, असे अभ्यासक मानतात. एका रोगाच्या औषधातून दुसरा रोग यावा, तसा हा प्रकार. जर्मनीत रोस्टोकजवळ तो 1881 मध्ये दिसला; त्याच्या एका जातीच्या नावात, रोस्टोकिएन्सिसमध्ये, ते गाव आजही आहे. पॅलिडा ही दुसरी जात वेगळी आहे, हे 1973 मध्ये ठरले.

या पॅलिडाची वंशावळ फार बोलकी आहे. पेरूमध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसे तिचे वेगवेगळे वंश आढळतात. पश्चिम युरोपातल्या पॅलिडाचे मूळ मात्र टिटिकाका सरोवराचा उत्तर किनारा आणि कुस्को यांच्यामधल्या पट्ट्यात आहे, असे 2008 च्या जनुकीय अभ्यासात दिसले. म्हणजे घरी एवढे मोठे गोत, आणि परदेशी गेली ती त्यातली एक शाखा. पश्चिम युरोपातला शेतकरी आजवर मुख्यतः या एका शाखेशी झुंजतो आहे. उरलेल्या गोतापैकी कोणी उद्या एखाद्या गोणीतून आले, तर आजचे प्रतिकारक्षम वाण त्याच्यापुढे टिकतीलच असे नाही. इंग्लंडमध्ये याची चुणूक दिसलेली आहे. 1966 चा 'मॅरिस पायपर' हा वाण एका जनुकाच्या जोरावर रोस्टोकिएन्सिसला रोखू लागला. तो सर्वत्र लावला गेला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पॅलिडा फोफावली.

भारतात हा कृमी 1961 मध्ये निलगिरीत, उदगमंडलमजवळ, एफ. जी. डब्ल्यू. जोन्स यांना सापडला. पुढे दोन्ही जाती तिथे आढळल्या, आणि 1985 मध्ये दोघींना तोंड देणारा 'कुफरी स्वर्ण' हा वाण तिथल्यासाठी आला. कृमी निलगिरीपुरताच आहे असे बराच काळ मानले जाई. पण 2018 मध्ये हिमाचल प्रदेशात, जिथून देशाला बियाणे पुरवले जाई तिथेच, त्याच्यामुळे बियाण्याच्या बटाट्याच्या वाहतुकीवर बंदी घालावी लागली.

आमच्या घरची थोडी जमीन आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर आहे. तिथे पावसाळी बटाटा होतो, आणि बियाणे मंचरच्या बाजारातून, बहुधा पंजाबचे, विकत घ्यावे लागते. आपल्या उष्ण हवेत मावा व त्याने आणलेले विषाणू घरचे बियाणे टिकू देत नाहीत. या बियाण्यात कृमी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो थंड डोंगराळ मातीत रमणारा जीव आहे. पण पोते उघडले की डोळे पाहिले जातात, सड निवडली जाते, भावाची घासाघीस होते. तळाशी उरलेली मूठभर माती मात्र बांधावर झटकली जाते. ती कोणत्या शेतातली, हे व्यापारी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. यंदापासून आम्ही विचारणार आहोत.